मिनाकु बेट रिकामं करण्याचा सराव

"पन्नास मिनिटं! पन्नास मिनिटांत अख्खं मिनाकु बेट रिकामं करून दाखवतो. शत्रू आला तर त्याला चहा विचारायलाही कोणी सापडणार नाही!" नोहारा एइशोने ग्रामकार्यालयात छाती ठोकून सांगितलं. आपत्ती विभागात तो एकटाच होता, त्यामुळे टाळ्याही त्यालाच वाजवाव्या लागल्या.

पहिल्या सरावाला चार तास दहा मिनिटं लागली.

टोकियोने संरक्षणाचं धोरण बदललं, खर्च दुप्पट केला, आसपासच्या बेटांवर क्षेपणास्त्रं आणून बसवली आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की इथे माणसंही राहतात. हुकूम आला, माणसं हलवायचा सराव करा. मिनाकुच्या त्रेसष्ट लोकांना घेऊन सरावापुरती दिलेली बोट तासाभरात सुटली, आणि पलीकडच्या अकामुई बेटावरच्या अधिकाऱ्याने ते पोचल्याची नोंद केली, तर मिनाकुला स्वतःची बोट मिळणार. नाहीतर अकामुईच्या बोटीच्या यादीत शेवटचा नंबर. "म्हणजे आधी त्यांची मांजरं जाणार, मग आपण," असा एइशोने अर्थ काढला, आणि तो फारसा चुकला नव्हता.

चार तास लागले ते भेटवस्तूंपायी. दुसऱ्याच्या दारी रिकाम्या हाताने कोण जातं? भोंगा वाजला तसं सगळं बेट स्वयंपाकाला लागलं. एकाने तर बकरी आणली, जिवंत. बकरीने बोट पाहिली आणि समुद्रात उडी घेतली. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या नाबेआजी डुकराच्या रश्श्याचं पातेलं सोडायला तयार नव्हत्या.

"आजी, युद्ध सुरू झालंय असं समजायचंय!"

"मग तर न्यायलाच हवं. युद्धात त्या अकामुईच्या लोकांना कोण शिजवून घालणार?"

"एका माणसाला एक पिशवी. नियम आहे."

"नियम करणाऱ्याला आई नाही का रे?"

धक्क्यावर सगळे खो-खो हसले. आजी हसल्या नाहीत.

"मागच्या युद्धात सैन्याने आम्हाला असंच हलवलं. रिकाम्या हातांनी, दुसऱ्या बेटावरच्या जंगलात. मी आठ वर्षांची. लोकांच्या दारात उभं राहून मागून खाल्लं. आई हिवतापाने तिथेच गेली. मी पुन्हा मागायला जाणार नाही, एइशो. द्यायला म्हणशील तर येते."

 आता बोट मिळवल्याशिवाय एइशो गप्प बसणार नव्हता.

दोन दिवस डोकं खाजवून त्याने तोड काढली. बेटावर ऊस, घरोघरी काळा गूळ. द्यायला म्हणून माणशी पाव किलोची पुडी बांधायची आणि दारामागच्या खिळ्याला कायमची टांगून ठेवायची. सरकारी कागदावर त्याने लिहिलं, 'औषध'. बकरीला यादीत जागा नसल्याचं तिच्या मालकाला लेखी कळवलं. बकरीची काही हरकत नव्हती.

मग रोज सकाळी, रेडिओवरचा व्यायाम संपला की सराव. चार तासांचे दोन झाले, दोनाची सत्तर मिनिटं. तिथे गाडी अडली, कारण बोटीच्या फळीशी जो तो कमरेत वाकून "आधी तुम्ही", "छे छे, तुम्ही" करत उभा.

एइशोने पाटी लावली, 'मागे राहील तो असभ्य.'

दुसऱ्या दिवशी तिघे पाण्यात पडले, पण वेळ चोपन्न मिनिटांवर आली.

"पडलेल्यांनी गूळ भिजवला का?" आजींनी विचारलं.

"नाही, हात वर धरले होते."

"मग ठीक. बुडाले तरी संस्कार दिसले."

खऱ्या परीक्षेच्या दिवशी भोंगा वाजला आणि नाबेआजी चाकांचा वॉकर ढकलत सगळ्यांच्या पुढे निघाल्या. वाटेत एइशोला गाठून म्हणाल्या, "पाय उचल रे, शत्रू माझ्यापेक्षा तरुण असणार!"

एकोणपन्नास मिनिटांत बोट सुटली. त्रेसष्ट माणसं, त्रेसष्ट पुड्या. एइशोने तीनदा मोजली आणि पहिल्यांदाच खाली बसला. आजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "मिळाली बघ बोट."

अकामुईचा धक्का आला. खलाशाने दोर फेकला. तो पाण्यात पडला, कारण झेलायला कोणी नव्हतं. अकामुईचाही सराव त्याच सकाळी ठेवलेला होता, आणि नोंद करणाऱ्या अधिकाऱ्यासकट सगळं बेट सत्तेचाळीस मिनिटांत निघून गेलं होतं.