झेफारच्या बापाचा आवाज

"लेंचो, कोट मागून नीट बसलाय का रे?" निकानोरने मला पुन्हा विचारलं.

"दाजी, आपल्याला अंधारात बसायचंय. तुमचा कोट कोण बघणारे?"

"तरी पण."

मी त्याचा कोट मागून ओढून सरळ केला. तोंडावर मी त्याला दाजी म्हणतो, माघारी निकानोर. माझ्या थोरल्या बहिणीचा, अम्पारोचा नवरा. त्या दुपारी थिएटरच्या दारात आमच्या आवारातली झाडून सगळी बिऱ्हाडं जमली होती, आणि ती सगळी त्याच्यासाठीच आली होती. झेफारच्या शिरस्त्राणाच्या आकाराची लाह्यांची बादली मिळवायला ही एवढी रांग लागलेली. शेजारच्या तोमासाबाईंनी दोन बादल्या पटकावल्या. एक नातवाला आणि एक घरी राजमा भिजत घालायला.

झेफार म्हणजे त्या परदेशी सिनेमाचा नायक. चार महिने आमच्या मेक्सिको सिटीत दुसरं काही नव्हतं. बसवर झेफार, भिंतीवर झेफार, दुधाच्या खोक्यावर झेफार. असा सिनेमा झाला नाही आणि होणार नाही, असं जो तो सांगत होता. मी कुलपं-किल्ल्यांचं दुकान चालवतो. जास्त चमकणारं कुलूप आतून पत्र्याचं असतं एवढं मला कळतं. पण दाजींचं काम होतं, म्हणून मीही दुकान बंद करून आलो.

निकानोरचा धंदा आवाजाचा. परदेशी सिनेमे आमच्या भाषेत येतात तेव्हा त्यातल्या माणसांना आवाज द्यावे लागतात. नायकाला एक आवाज, नायिकेला एक, आणि उरलेली गर्दी पाच-सहा जणांत वाटून देतात. निकानोर त्या पाच-सहांतला. जन्मभर गर्दीच केली त्याने. जहाज बुडालं की तो बुडायचा, इमारतीला आग लागली की तो जळायचा, आणि संध्याकाळी सहाला पाव घेऊन घरी यायचा.

लग्न झालं त्या वर्षी अम्पारो एकदा त्याचा सिनेमा बघायला गेली होती. पूल पडतो आणि शेकडो माणसं नदीत. "त्यात मी होतो," निकानोर म्हणाला. "कुठला?" तिने विचारलं. त्याला सांगता येईना. त्यानंतर ती कधी गेली नाही. मला धूमधडाका सोसत नाही, डोकं दुखतं, असं सगळ्यांना सांगायची. मला विचाराल तर तिला लागलं होतं. नवरा पडद्यावर ओरडतोय आणि आपल्याला तो ओळखता येत नाही, हे कुठल्या बायकोला बोचणार नाही?

आणि आता, केस पांढरे झाल्यावर, निकानोरला झेफारच्या बापाचं काम मिळालं होतं. बाप मरता मरता पोराला म्हणतो, "बाळा, सूर्य विझला तरी तू विझू नकोस. जा!" एवढंच. पण त्या वेळी पडद्यावर दुसरं कुणी बोलत नाही. निकानोर हे वाक्य दाढी करताना म्हणायचा, जिन्यात म्हणायचा, पाण्याच्या टाकीपाशी म्हणायचा. आवारातल्या पोरांनाही ते पाठ झालं होतं. अम्पारोने ते घरी मात्र ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. तो तोंड उघडायला लागला की ही नळ सोडायची.

"मला तिथंच ऐकायचंय," ती म्हणायची. "सगळ्यांच्या देखत. या खेपेला ओळखीन मी."

आम्ही बसलो. अम्पारो मधे, एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी. दिवे गेले. सिनेमा सुरू झाला आणि थोड्याच वेळात मला कळलं की आपण सगळे फसलोय. कुणीतरी कुणाला तरी एक निळा दगड देत होतं, तो दगड दुसराच कुणी पळवत होता, आणि मग ते सगळे उभ्या उभ्या त्या दगडाबद्दल बोलत होते. माझ्या पुढचा माणूस फोनवर सामन्याचा स्कोअर बघायला लागला.

मग बाप आला. रक्तबंबाळ, गुडघ्यावर. अम्पारोने माझं मनगट धरलं. बापाने तोंड उघडलं.

"बाळा, सूर्य विझला तरी..."

तो निकानोर नव्हता. रविवारी टीव्हीवर फुटबॉलच्या सामन्याचं समालोचन करणारा तो प्रसिद्ध माणूस होता. त्याचा आवाज या शहरात कुणीही झोपेत ओळखेल. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "गोऽऽऽल!" मग जे हसू फुटलं ते आवरेना. बाप तिकडे मरतोय आणि लोक इकडे टाळ्या पिटतायत. त्या दिवशी लोकांना मनापासून हसू आलं ते तेवढंच.

"बदलला," निकानोर पुटपुटला.

"तुम्हाला न सांगता?" मी विचारलं.

"सांगत नाहीत, लेंचो. नाव असलेला माणूस मिळाला की घेतात."

मला भयंकर राग आला. एवढा की उठून तिकिटाच्या खिडकीवर जाऊन भांडावं. तो मात्र हात मांडीवर ठेवून ताठ बसला होता, फोटो काढायला बसावं तसा. अम्पारोने त्याच्या बाहीवर पडलेली लाही उचलून टाकली, डोळे मिटले आणि मान मागे टेकली.

सिनेमा संपता संपेना. झेफार आपल्याच सावलीशी लढला, मग त्याच्यासारखाच दुसरा एक आला, मग तिसरा. तोमासाबाई बादली पोटाशी धरून घोरू लागल्या. शेवटी कुठल्याशा मोठ्या शहरावर आभाळातून काहीतरी आदळलं, आणि उंच उंच इमारती एकामागून एक खाली यायला लागल्या. माणसं वाट फुटेल तिकडे पळत होती.

अम्पारो एकदम सरळ झाली.

"काय गं ताई?"

"मला हाक मारली कुणी तरी."

"इथं कोण मारणार?"

"इथं नाही. तिथं." तिचे डोळे अजून मिटलेलेच होते, बोट पडद्याकडे.

मी कान दिला. धडाडधूम, काचा, किंकाळ्या. आणि त्या सगळ्याच्या खाली, अगदी तळाशी, एक माणूस जिवाच्या आकांताने ओरडत होता, "अम्पारो! अगं हात दे! अम्पारो!"

तिने डोळे उघडले आणि ती नवऱ्याकडे वळली. निकानोरने मान कोटात घातली.

"तूच ना तो?"

"हळू बोल गं."

"तूच ना?"

"गर्दीत काहीतरी ओरडावं लागतं," तो म्हणाला. "नुसतं आऽऽ करून भागत नाही, खोटं वाटतं. कुणाचं तरी नाव घ्यायचं."

"म्हणून माझं घेतलंस?"

"मग काय तोमासाबाईंचं घेऊ?"

"या एकाच सिनेमात?"

"सगळ्याच."

"तो पूल पडला, तेव्हा?"

"तेव्हाही."

"अरे मग सांगायचं नाहीस का? मी विचारलं होतं ना तुला, कुठला म्हणून!"

"नवं लग्न होतं," निकानोर म्हणाला. "लाज वाटली. नंतर मग राहूनच गेलं."

मागून कुणीतरी "शू" केलं. पडद्यावर आता धूर होता आणि झेफार त्यातून चालत येत होता. अम्पारो तिकडे बघतही नव्हती.

"आणि मी सापडते का रे तुला?"

निकानोरने खरोखर विचार केला. "माहीत नाही," तो म्हणाला. "तेवढ्यात थांबवतात. पुढचा प्रसंग असतो."

मी मूठभर लाह्या तोंडात कोंबल्या. त्यांवर लिंबू आणि तिखट भरपूर होतं, त्यामुळे डोळ्यांना पाणी यायला निमित्तही मिळालं.

बाहेर आलो तेव्हा जो तो शिव्या घालत होता. याच्यासाठी चार महिने वाट बघितली का, असं एक पोरगी रडवेली होऊन म्हणत होती. तोमासाबाई जाग्या होऊन आमच्याकडे आल्या.

"निकानोर, तुझं काम काढून टाकलं म्हणे?"

आसपास आवारातले सगळे ऐकत होते. निकानोरने कोटाचं बटण लावलं. "हो बाई," तो म्हणाला. "काढून टाकलं."

"काही काढलेलं नाही," अम्पारो म्हणाली. "मी ऐकलंय." आणि तिने त्याला हाताला धरून कोपऱ्यावरच्या मक्याच्या गाडीकडे नेलं. तिथे दोघांनी एकाच पेल्यातून उकडलेले दाणे खाल्ले. मी पलीकडच्या बाकावर बसलो होतो. मला वाटतं, मला ते दोघंही विसरले होते.

दुसऱ्या दिवसापासून निकानोर नेहमीसारखा कामाला जाऊ लागला. बुधवारी तिकिटं स्वस्त असतात. त्या दुपारी अम्पारो ठेवणीतली शाल घेऊन माझ्या दुकानात हजर.

"बंद कर दुकान. चल."

"कुठं?"

"झेफारला."

"ताई, हात जोडतो! एकदा झालं की."

"तुला बघायला कोण सांगतंय? सोबतीला ये."

थिएटर रिकामंच होतं. पुढे एक जोडपं, ते आपल्याच नादात. समालोचकाच्या आवाजात बाप मेला, तेव्हा अम्पारो पर्समध्ये रुमाल शोधत होती. मी झोपलो, उठलो, पुन्हा झोपलो. मग शहरावर काहीतरी आदळलं आणि तिने कोपराने मला ढोसलं. डोळे मिटून, दोन्ही हात पर्सवर ठेवून ती ऐकत होती. निकानोर त्या वेळी स्टुडिओत, कुठल्या तरी दुसऱ्याच गर्दीत असणार.

इमारती पडू लागल्या. माणसं ओरडू लागली. आणि तळातून हाक आली, "अम्पारो! अगं हात दे!"

"आले रे, आले," ती स्वयंपाकघरातून ओ द्यावी तशी म्हणाली, आणि पर्स घेऊन उठली.