विशेषणाचं उदाहरण

"मास्तर, 'सॅलो' म्हणजे नुसतं 'फिकट' नव्हे हो," मुख्य संपादकांनी मास्तरांचं कार्ड बाजूला सारलं. "चष्मेवाल्यांचं बघा. शब्द कसा नेमका पकडलाय! तपासून द्या."

मास्तरांच्या पोटात दुखलं. अठरा वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून ते या इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कामावर आले होते. आणि कालपरवा आलेला हा जाड भिंगांचा माणूस रोज त्यांच्यावर कडी करत होता.

जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाल्यावरच त्यांनी ते कार्ड हातात घेतलं. 'सॅलो : विशेषण. रोगट पिवळसर. मुख्यतः माणसाच्या त्वचेविषयी, बहुधा चेहऱ्याविषयी. कपड्यांना, भिंतींना लावत नाहीत.' चूक काढायला जागा नव्हती. खाली उदाहरण होतं : 'डबा घेऊन येणाऱ्या बाईंचा चेहरा हल्ली सॅलो दिसतो.'

कचेरीत डबा घेऊन येणारी बाई एकच होती. मास्तरांची बायको.

तेवढ्यात चष्मेवाले हात पुसत आत आले.

"माझ्या बायकोच्या तोंडाकडे बघत बसता काय हो?"

"मास्तर, तसं नाही," ते गडबडले. "माझं टेबल दाराशी. वहिनी तिथंच थांबतात. माझ्या आईचा चेहरा असाच झाला होता, आम्हाला उशिरा कळलं. तुम्हाला तोंडावर सांगायचा धीर होईना. म्हटलं, कार्ड तुमच्याकडेच तपासायला येईल."

"माझं घर बघायला मी आहे!"

त्या तिरिमिरीतच मास्तर घरी पोचले. बायको खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"तो दाराशी बसणारा तुझ्याशी बोलतो?"

"चष्मेवाले? 'वहिनी, बरं नाही का?' एवढंच विचारतात." तिनं घडी पुन्हा मोडली, पुन्हा घातली. "विचारतात तरी."

मास्तरांनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. गाल पिवळट, डोळ्यांचे पांढरे भागही पिवळे.

"कधीपासून गं?"

"झाले असतील दोन महिने. तुम्ही कामात होता."

पित्ताशयातला खडा नळीत येऊन अडकला होता. तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. "आणखी थांबला असतात तर अवघड होतं," डॉक्टर म्हणाले. "बरं झालं, तुमच्या लक्षात आलं."

"हो," मास्तर म्हणून गेले.

मग ते 'हो' भेटायला येणाऱ्या प्रत्येकापुढे वाढत गेलं. तिची नणंद आली, शेजारीण आली. ज्याच्यात्याच्या तोंडी मास्तरांच्या नजरेचं कौतुक. बायको उशीवर डोकं टेकवून ऐकायची.

आठव्या दिवशी चष्मेवाले फळांची पिशवी घेऊन आले आणि पलंगापासून चार हात लांब उभे राहिले.

"मास्तरांनी चेहऱ्यावरून ओळखलं म्हणे," शेजारीण त्यांना सांगू लागली.

"हो ना. मास्तरांची नजर बारीक," चष्मेवाले म्हणाले. मास्तरांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

हा मोठेपणाही चष्मेवाल्यांनीच पटकवावा, हे मास्तरांना सोसवेना. शरमेपेक्षा तेच जास्त झोंबलं.

"मी नाही," ते एकदम बोलले. "यांनी पाहिलं. मला दिसलंच नव्हतं."

बायकोनं चादर छातीपर्यंत ओढून घेतली.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

पलंगाजवळ एकच स्टूल होतं. मास्तर त्यावरून उठले, हातरुमालानं ते पुसलं आणि चष्मेवाल्यांच्या पुढे सरकवलं. स्वतः तिच्या पायाशी जाऊन उभे राहिले.