कच्च्या मनाच्या सात जणी

साहेब, वरच्या काचेच्या खोलीत बसून तुम्ही सात बायकांची मनं कच्ची ठरवलीत. स्वतः तपासलीत? छे! त्यासाठी मखमली कोटातला एक भोंदू बोलावलात. नाव काय, तर 'मनसम्राट'!

शिवण कारखान्याच्या कँटीनमध्ये तीनशे माणसं माना उंचावून उभी होती. सम्राट टेबलावर चढून गरजले, "माझ्या नजरेत बावीस वर्षांची साधना आहे! बोटं गुंफा. तर्जन्या सरळ वर, मध्ये फट ठेवा. आता माझं चुंबक ओढतंय... ओढतंय..."

तीनशे जणांच्या तर्जन्या एकमेकींना चिकटल्या. "अगंबाई!" सगळीकडून एकच सूर.

मग त्यांनी पंधरा-वीस जणांना पुढे बसवलं. त्यात दोऱ्यांच्या कोठारातली काकी होती. "तुझा हात पिसासारखा हलका झालाय," असं ते घोळवून म्हणाले आणि काकीचा हात खरोखर वर गेला. आणखी सहा जणींचाही गेला. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर सम्राटांनी निकाल दिला. "यांच्या मनाला कडीच नाही! कुणीही यावं, आत शिरावं. असली माणसं यंत्रांजवळ ठेवाल तर पस्तावाल."

मॅनेजरने लगेच यादी केली, तुमची सही आणली आणि फलकावर लावली. सातही जणी सोमवारपासून घरी.

काकीची एकोणीस वर्षं त्या कोठारात गेली होती. नोकरी जाणार, हा एक घाव. त्याहून वाईट म्हणजे आपलं मन कच्चं आहे, हे तिला पटायला लागलं होतं. दर शनिवारी डॉक्टरीणबाई कारखान्यात येत; त्या दिवशी शनिवारच होता. काकी डोकेदुखीची गोळी मागायला गेली आणि रडली.

"हात मी नाही हो उचलला. आपोआप गेला."

"त्याने उचलला?"

"त्याच्या नजरेने."

"ती नजर आता कुठे आहे?"

"मॅनेजरच्या खोलीत. चहा ढोसतेय."

"बरं. डोळे मिटा. हलका हो म्हणून तुम्हीच हाताला सांगा. मी तोंड उघडणार नाही."

थोड्या वेळाने हात मांडीवरून अलगद तरंगला. काकीने डोळे उघडले आणि बघतच राहिली. "अगंबाई, म्हणजे हा माझाच उद्योग!"

"तुमचाच. कल्पनेत पार बुडून जाणं काहींना जमतं, काहींना नाही. पक्कं मन वेगळं. नको ते बाजूला सारून हवं तेच धरायचं आणि वेळ आली की झटकन वळायचं. या दोन गोष्टींचा संबंध काय, यावर अभ्यासकांचंही अजून एकमत नाही. आणि हा कोटवाला चहा निवायच्या आत निकाल लावतो!"

"झटकन वळायचं?" काकीने डोळे पुसले. "ते तर मी दिवसभर करते. चला माझ्याबरोबर."

कारखान्यात जुन्याच रिळांवर नवा दोरा गुंडाळत. रिळावर छापलेलं असे 'लाल' आणि दोरा हिरवा. रीळ देताना काकी दोऱ्याचा रंग बघे, रिकामं परत घेताना छापलेलं नाव. काकीने टोपलीभर रिळं मॅनेजरच्या टेबलावर ओतली.

"सम्राट, दोऱ्याचा रंग सांगा. टाळी वाजली की छापलेलं नाव वाचा. पुन्हा टाळी, पुन्हा रंग. भराभर हं!"

"सोपं आहे! हिरवा, निळा..." टाळी. "पिव... नाही, लाल! थांबा, काळा..."

मॅनेजर तर तिसऱ्याच रिळाला अडखळला. काकीने चाळीस रिळं न चुकता उडवली.

"तिला सवय आहे!" सम्राट ओरडले.

"मग हेच तिचं काम नाही का? त्या कामावरूनच काढताय ना तिला?" डॉक्टरीणबाई मॅनेजरकडे वळल्या. "तर्जन्या तुमच्याही जुळल्या होत्या ना? ताणलेले स्नायू थकले की बोटं आपसूक जवळ येतात. घरी एकट्याने करून बघा, सम्राट लागत नाहीत."

सम्राटांना अचानक महत्त्वाचं काम आठवलं. मॅनेजर पुटपुटला, "वरून हुकूम आहे, बाई. यादी माझ्या हातात नाही."

म्हणून साहेब, आता तुम्हालाच विचारते आहे काकी, बाकी सहा जणींना घेऊन, तुमच्या काचेच्या दारात उभी राहून. हात वर गेला म्हणून मन कच्चं, हे कशावरून? कुणी तपासलं? कसं तपासलं? पुरावा असेल तर टेबलावर ठेवा, आम्हीही तपासू. नसेल तर ती यादी फलकावरून स्वतःच्या हाताने उतरवा, तीनशे जणांसमोर.

बोला, साहेब. पुरावा आहे की नाही?