एकशेअठरावा मजला, मागची बाजू

या शहरात माणसाला आडनाव विचारत नाहीत, मजला विचारतात. ऐंशीच्या वरचे ते वरचे, ऐंशीच्या खालचे ते खालचे, आणि नेमके ऐंशीव्यावर राहणारे रात्री दचकून उठून पाटी वाचून येतात. ऊन, शाळा आणि चांगले वास वर. पंप, कारखाने आणि उरलेली माणसं खाली. खाली सगळी कामं यंत्रं करतात. वरच्यांच्या घरात मात्र माणूसच लागतो. यंत्राला कितीही टाकून बोला, त्याचा चेहरा उतरत नाही, मग बोलायचं कशाला?

घुमीचं घर गेल्या वर्षापर्यंत एकशेबाराव्या मजल्यावर होतं. वडील हवा-खात्यात अधिकारी. एका सकाळी त्यांनी चुरगळलेल्या सदऱ्यातल्या एका गृहस्थाला खालचा समजून मालाची लिफ्ट दाखवली. ते मोठ्या साहेबांचे मेव्हणे निघाले. आठवड्याभरात बिऱ्हाड एकोणिसाव्यावर आलं. वडिलांचं म्हणणं आजही तेच, की मेव्हण्यांनी सदऱ्याला इस्त्री करायला हवी होती.

घुमीची शाळा शंभराव्या मजल्यावर. तिथे ऐंशीच्या वर पत्ता असलेल्यांनाच जागा. पण एकदा दिलेला पत्ता कुणी तक्रार केल्याशिवाय तपासत नसत, कारण तपासायला आलेल्या माणसाला चहा कुणी द्यायचा हे नियमात नव्हतं. शेवटच्या परीक्षेला चार महिने उरले होते. ती पास झाली की जन्मभराचं वरचं कार्ड आणि स्वतःचं घर. त्याआधी पत्ता फुटला की जन्मभर पंप.

"चार महिने तोंड बंद ठेव," आईने बजावलं होतं, आणि ते शब्दशः पाळावं लागत होतं. एकोणिसाव्यावरून शंभराव्यावर चढताना कानात दडे बसतात. ते सोडवायला जबडा हलवावा लागतो. वरच्यांना त्याची गरज पडत नाही, म्हणून शाळेच्या दारात कुणी जबडा हलवताना दिसला की पोरं त्याला 'रवंथ्या' म्हणत. घुमी पहिला तास ओठ मिटून, अर्ध्या बहिऱ्या अवस्थेत काढायची. तिच्या गप्प बसण्याला मैत्रिणी विचारांची खोली समजल्या आणि 'घुमी' हे नाव पडलं. प्रगतिपुस्तकात मॅडमनी 'विचारी' असा शेरा दिला होता.

मैत्रिणींची म्होरकी गच्ची. तिच्या घरावर फक्त इमारतीची गच्ची होती, आणि ही गोष्ट तिने कुणाला विसरू दिली नव्हती. परीक्षेच्या वर्षी या मुली दर आठवड्याला एकीच्या घरी जमायच्या. त्याला अभ्यासवार म्हणत. पुस्तकं उघडायचं बंधन नव्हतं. यजमानिणीचे पडदे, बाथरूम आणि आई बघून घेतली की अभ्यास पुरा होई.

"या खेपेला तुझ्याकडे," गच्ची म्हणाली. "रंगकाम संपलं असेल ना एव्हाना? का आजी अजून आजारीच आहे?"

"आजी वारली."

"बरं झालं, एक खोली रिकामी झाली. आणि या वेळी टाळलंस तर मी मॅडमना तुझा पत्ता विचारीन हं. सहज आपलं."

मालाच्या लिफ्टचे काका एकशेचौथ्या मजल्यावरच्या एका बंद फ्लॅटमधल्या कुंड्यांना पाणी घालत. मालक वर्षभर परगावी होते. काकांनी चावी दिली, पण अट घातली. "नंतर सगळं सांगायचं, काही गाळायचं नाही. दिवसभर पोती वर-खाली करतो मी, पोरी. करमणूक कुठली?"

फ्लॅट मिळाला, पण वरच्या घरात कामाला बाई नसणं म्हणजे भिंत नसण्यासारखं. परक्या बाईवर विश्वास टाकायची सोय नव्हती. शेवटी आईनेच पांढरा एप्रन बांधला.

"तुला जमेल?" घुमीने विचारलं.

"वीस वर्षं कामाला बायका ठेवल्यात मी. अकराजणी रडत गेल्या. बाई कशी असावी हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे?"

हे खरं ठरलं. मुली आल्या तेव्हा आईने दार असं उघडलं, की दार आपोआप उघडल्यासारखं वाटावं. पाणी मागायच्या आत आलं. फळांच्या फोडी एका मापाच्या. गच्चीने परीक्षा म्हणून सरबताचा ग्लास पाडला, तर तिचं "अरेच्चा" पुरं होईतो फरशी कोरडी. मग आईचा जबडा किंचित हलला. दडा अजून सुटला नव्हता.

"तुमची बाई रवंथी आहे गं," गच्ची म्हणाली. बाकीच्या हसल्या.

घुमीही हसली. "मग कोण असणार? वरची येईल का लादी पुसायला? ए बाई, टेबलाखाली काचा राहिल्यात, त्या उचल आधी, पायात जातील."

"हो ताई," आई म्हणाली, आणि गुडघ्यांवर बसली.

गच्ची मात्र विचारात पडली होती. तिच्या घरची बाई गेल्याच आठवड्यात पळाली होती. "ही आम्हाला देतेस?" तिने घुमीला विचारलं, पेन्सिल मागावी तसं. "आई वैतागलीय. राहायला खोली आहे, स्वयंपाकघरामागे."

घुमी नाही म्हणणार होती. तोंड उघडलंही होतं. पण एप्रन आधी बोलला. "किती दिवसांत यायचं, ताई?"

मालाच्या लिफ्टमधून उतरताना घुमी रडत होती. काका पाठ करून उभे होते, पण कान इकडेच.

"आई, तू तिच्या घरी भांडी घासणार?"

"आपण दोघी तिथे राहणार. राहत्या कामवालीला पत्त्याचा दाखला मिळतो. सोबत एक अपत्य चालतं."

"आणि बाबा?"

"नवऱ्याची सोय नियमात नाही. ते एकोणिसाव्यावर राहतील आणि मेव्हण्यांना शिव्या देतील. तेच करतात आत्ताही."

"मी तिच्याकडे मोलकरणीची मुलगी म्हणून राहू? मला लाज वाटेल."

"मघाशी 'ए बाई' म्हणताना तर छान सूर लागला होता तुझा." आईने एप्रनची घडी घातली. "दाखल्यावर मजला लिहितात, बाजू नाही लिहीत. तो शाळेत दिला की मग कुणी तक्रार करो नाहीतर काही करो. तू कायद्याने वरची."

काका हळूच म्हणाले, "वहिनी, तुम्ही वरच शोभता."

आई याला स्तुती समजली.

तीन महिने घुमी गच्चीच्या घरात राहिली आणि गच्चीला पत्ता लागला नाही. यात चमत्कार काही नव्हता. घुमी मागच्या लिफ्टने ये-जा करायची, आणि स्वयंपाकघर ओलांडून पलीकडे काय आहे ते बघावं असं त्या घरात कुणाला कधी सुचलंच नव्हतं. दोनदा तर अभ्यासवार गच्चीकडेच झाला. घुमी मागच्या दाराने बाहेर पडली, जिना फिरून पुढच्या दाराची घंटा वाजवली, आणि आईने तिला आत घेतलं.

परीक्षेला बसवतात पत्त्याच्या क्रमाने. पहिल्या दिवशी दोघी शेजारच्या बाकांवर आल्या. बाकावरच्या चिठ्ठीवर मजला आणि घर क्रमांक छापलेला. गच्चीने स्वतःची वाचली, मग घुमीची, मग पुन्हा स्वतःची.

"हे माझं घर आहे," ती म्हणाली.

"हो. पुढची बाजू तुझी."

गच्चीच्या डोक्यात हिशेब लागायला अर्धं मिनिट लागलं. तिच्या मानाने हे लवकर. "ती बाई… तुझी आई?"

"तुझा पलंग रोज सकाळी तीच विस्कटते," घुमी हलक्या आवाजात म्हणाली. "कुणी झोपल्यासारखा दिसावा म्हणून. तू बाथरूमच्या टबात झोपतेस ना, खिडकी दिसू नये म्हणून?"

गच्चीचा चेहरा पांढरा पडला. एकशेअठराव्यावर जन्मलेली, ज्या त्या बोलण्यात मजला काढणारी ही मुलगी उंचीला घाबरत होती. ही गोष्ट तिच्या आईलाही माहीत नव्हती. कामाच्या बायका मात्र ते ओळखत, आणि त्यांनी ओळखलं की त्यांच्यावर चोरीचा आळ येऊन त्या घालवल्या जात.

मॅडम यादी घेऊन बाकापाशी आल्या. "एकच घर क्रमांक? तुम्ही दोघी नात्यातल्या का?"

सगळा वर्ग वळून बघू लागला. गच्चीने ओठ चावले.

"मावसबहीण आहे माझी," ती म्हणाली. "आमच्याकडेच राहते."

"अगं बाई, कधी बोलली नाही ती."

"घुमी आहे ना," गच्ची म्हणाली.

घुमी पहिल्या दहात आली. गच्चीही पास झाली, कारण वरचे नापास होत नाहीत. कार्ड आलं, सोबत घराचं पत्र. शहाण्णवावा मजला, दोन खोल्या, पूर्वेचं ऊन. घुमी पत्र घेऊन स्वयंपाकघरात धावली. आई गच्चीच्या आईच्या पार्टीसाठी फळं कापत होती.

"आई, सोड ते. घर मिळालं. आपलं स्वतःचं. चल, सामान बांध."

आईने हात पुसले, पत्र लांब धरून वाचलं, आणि एका ओळीवर तिची नजर थांबली.

"शहाण्णव?"

"हो."

"तिथे कोण राहतं गं?" आईने पत्र परत केलं आणि सुरी उचलली. "बाबांना ने. त्यांना चालेल."