एकच पाय सुजला

रसिकाने दुखण्याचं बोलणंच सोडून दिलं होतं. सहा वर्षांपूर्वी तिला ल्युपस निघाला तेव्हा जेसल पार्कमधलं ते घर हबकून गेलं होतं. आपलंच शरीर आपल्यावर उलटतं म्हणजे काय, हे तिच्या नवऱ्याने, स्वप्नीलने, डॉक्टरांना तीनतीनदा विचारलं होतं. मग आज सांधे, उद्या ताप, परवा रक्त कमी, असं चालूच राहिलं. हल्ली ती "दुखतंय" म्हणाली की तो मोबाइलमधून मान वर न करता विचारायचा, "गोळी घेतलीस?" त्याचं तरी काय चुकत होतं? तोही थकला होता.

म्हणून डावी पोटरी ठणकायला लागली तेव्हा ती कुणाला काही बोलली नाही.

आठव्या दिवशी ती मटार सोलत बसली होती. समोर सासरे, आत्माराम, पेपर वाचत होते. पोस्टातून निवृत्त झालेला, मोजकं बोलणारा माणूस.

"रसिका, पाय पुढे कर बघू."

"काही नाही हो बाबा. उभं राहून सुजलाय."

"उभं राहून दोन्ही सुजतात. हा एकच सुजलाय." त्यांनी चपला चढवल्या. "रिक्षा आणतो. गॅस बंद कर."

सोनोग्राफीत पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी दिसली.

"ल्युपसमध्ये काहींचं रक्त असं गोठतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही फुप्फुसात गेली असती तर? आठ दिवस गप्प का बसलात?"

"सांगून सांगून कंटाळा आला."

ऑफिसातून धावत आलेला स्वप्नील दारातच उभा होता. त्याने ते ऐकलं आणि तो तिथल्या बाकावर खाली बसला.

चार दिवसांनी ती घरी आली. रक्त पातळ करणारी गोळी आता बहुधा जन्मभराची. सारखी रक्ततपासणी, पालेभाजी बेतानेच, नाहीतर गोळीचा असर कमी होतो, विळीवर बसताना जपून. स्वप्नील रोज संध्याकाळी फोन पालथा ठेवून विचारू लागला, "आज कसं आहे?" कधी ती सांगायची. कधी सांगायचंही त्राण नसायचं, आणि तो नुसता तिचा पाय उशीवर ठेवायचा.

तिसऱ्या तपासणीला शीर सापडेना. दोनदा टोचून झाल्यावर लॅबवाली म्हणाली, "ताई, पाच मिनट बैठो, फिर देखते हैं."

रसिका कोपराच्या खळीत कापूस दाबून बाहेर आली. खुर्चीत आत्मारामांचा डोळा लागला होता, मांडीवर तिची फाईल. तिने त्यांना उठवलं नाही. शेजारच्या खुर्चीत बसून तिनेही डोळे मिटले.