सुरकुतलेला वाटाणा

थोरलीनं सुपातल्या वाटाण्यात हात घातला आणि दाणे वरखाली करून पाहिले. सगळा दाणा गोल, गुळगुळीत.

"सुरकुतलेला कुठं गेला गं?"

"कोंबड्यांना टाकला," नवी धाकटी जाऊ कौतुकाच्या आशेनं म्हणाली. "दोन्ही पिशव्या एकत्र ओतून दिवसभर मान मोडून निवडत बसले, ताई. नुसता पोचट माल!"

"पोचट? अगं, गोड वाटाण्याचं बियाणं होतं ते! वाळला की सुरकुततो, जातच तशी त्याची. सुरकुत्या दिसल्या की टाकायचं होय? उद्या मलाही टाकशील!"

धाकटी रडायला लागली. थोरली उंबऱ्यात जाऊन बसली.

गोल वाटाण्यात स्टार्च भरपूर, एकरी उताराही मोठा, म्हणून स्टार्चचा कारखाना तोच घेई. सुरकुतलेला वजनात मार खाई, पण हिरवा असताना असा गोड की निम्म्या शेंगा रानातच फस्त व्हायच्या. थोरलीच्या नवऱ्यानं दरवर्षी गोडातला गोड वेचून हा वाण राखला होता. नवरा गेला, वाण मागे राहिला. आज तोही गेला, आणि तिला दुसऱ्यांदा विधवा झाल्यासारखं वाटलं.

त्या वर्षी रानाच्या दोन्ही तुकड्यांत गोलच पेरला. पीक दृष्ट लागावी असं आलं. थोरली खुरपत राहिली, उपटत राहिली, झोडपत राहिली. जीव मात्र कशातच लागत नव्हता.

कारखान्यात तपासनीसानं पोत्यातले मूठभर दाणे ताटात पसरले आणि मान हलवली.

"मावशी, भेसळ आहे. हे बघा, सुरकुतलेले. यांत स्टार्च कमी. पोती परत न्या."

"ताई, शपथ! मी एकही ठेवला नव्हता," धाकटी रडकुंडीला आली.

थोरलीनं ताट पुढ्यात ओढलं. खरंच होते! वर्षानुवर्षं दोन्ही पिकं बांधाला बांध लावून उभी; कधीतरी फुलाफुलांत संकर झाला असणार, आणि गोल दाण्याच्या पोटात गोडाचा अंश दडून राहिला असणार. तिचे डोळे भरून आले.

"अख्ख्या हंगामाची मेहनत वाया गेली, मावशी," तपासनीस हळहळला.

"असू दे, साहेब. निवडून गोल तेवढा पुन्हा आणू. पण हे ताटातले दाणे आमचे आम्हाला द्या."

तिनं एकेक सुरकुतलेला दाणा वेचून रुमालात बांधला. मग दोघी कण्हत कण्हत पोती गाडीत चढवू लागल्या.