जिल्ह्याचे पांढरे हातमोजे

"यंदा हातमोजे देणार म्हणे?" कोर्टाच्या पायरीवरच बार्टली हॅनलीने वाट अडवली.

"देणार ना!" ऑगस्टस लिंडसे हसला. "शेरीफने खास डब्लिनहून मागवलेत. जिल्ह्याचा मान आहे, बार्टली. तू तोंड का पाडतोस?"

"आणि कोलम केव्हनी?"

"गाडीवरून पडला तो."

"गाडीवरून पडलेल्याच्या कपाळावर काठीच्या लोखंडी मुठीची खूण कशी उमटते रे?"

लिंडसेने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "डब्लिनला एका खोलीत राहून शिकलो आपण, म्हणून सांगतो. ज्युरीत बसणार जमीनदार, काठी जमीनदाराच्या कारभाऱ्याची. सुटणारच होता तो. मग उगाच जिल्ह्याला डाग कशाला?"

हॅनलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोघेही सॉलिसिटरच, पण हॅनलीकडे मृत्युपत्रं, बांधाची भांडणं आणि लंगड्या निघालेल्या घोड्यांचे वाद यायचे, तर लिंडसे सरकारचा सॉलिसिटर. कुठला खटला न्यायाधीशापुढे जायचा, कुठला गाडायचा, हे त्याच्या हातात. डब्लिनहून न्यायाधीश फिरतीवर आला आणि जिल्ह्यात एकही मोठा गुन्हा नसला, तर शेरीफने त्याला पांढरे हातमोजे भेट द्यायचे, ही जुनी रीत. ते हातमोजे मिळाले की न्यायाधीश खूश, न्यायाधीश खूश की सॉलिसिटरांच्या पत्रिकेत बातमी. आणि जिल्ह्यातली मोठी सरकारी जागा तर रिकामीच होती. लिंडसेची लाळ कशावर गळत होती, हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं.

कोलम हा विधवा ऑनर केव्हनीचा एकुलता एक मुलगा, दगडाच्या खाणीत कामाला. कारभारी स्टॅकने त्याला भर रस्त्यात मारलं, आणि तो घरी येऊन मेला. पाहणारे दोघे होते. एकाला कुणीतरी अमेरिकेच्या बोटीत बसवून दिलं, दुसऱ्याला स्टॅकने राहायला घर दिलं, तेव्हापासून त्याला काही आठवेनासं झालं. उरली आई. मरताना पोरगा जे बोलला, ते तिने ऐकलं होतं, आणि ते कोर्टात सांगण्यासाठीच ती आज डोंगरापलीकडून चालत आली होती.

आत शेरीफने मखमली उशीवरून हातमोजे पुढे केले. न्यायाधीशाने ते उचलून सगळ्यांना दाखवले. "असा शांत, कायदा पाळणारा जिल्हा मी पाहिला नाही!" जमीनदारांनी टाळ्या पिटल्या. निर्लज्ज लेकाचे, स्टॅकही त्यांच्यातच बसून टाळ्या वाजवत होता!

हॅनली उठला. "मायलॉर्ड, या जिल्ह्यात खून झालाय."

"मिस्टर हॅनली, या कोर्टात बोलायचा अधिकार बॅरिस्टरांचा. तुमचे बॅरिस्टर कोण?"

हॅनलीने बॅरिस्टरांच्या बाकाकडे पाहिलं. गेला आठवडाभर त्याने एकेकाचे उंबरे झिजवले होते. पण सरकारी कामं वाटतो लिंडसे. त्याच्याशी वाकडं कोण घेणार? विग घातलेली ती सगळी डोकी एकदम कागदांत बुडाली.

"कुणी नाही, मायलॉर्ड. म्हणून मीच सांगतो. कोलम केव्हनीला..."

"तुमचं बोलणं मला ऐकू येत नाही, मिस्टर हॅनली."

"अख्ख्या गावाला येतंय!"

लिंडसेने त्याचा कोट ओढला. "खाली बस, गाढवा. सनद जाईल!"

"जाऊ दे! तू तुझी विकलीस, माझी हिसकावून घेतील, एवढाच फरक."

न्यायाधीश जेवायला उठला. त्याच्यामागे शेरीफ, जमीनदार, बॅरिस्टर, सगळी वरात हॉटेलकडे निघाली. हॅनलीकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. दालन रिकामं झालं, तेव्हा मागच्या भिंतीशी काळी शाल पांघरलेली एकटी बाई उभी दिसली.

"साहेब, आपली पाळी जेवणानंतर का?"

"आपली पाळी येणारच नाही, बाई. या जिल्ह्यात गुन्हाच झाला नाही, असं ठरलंय."

ती भिंत सोडून पुढे आली. मग म्हणाली, "साक्षीदाराला कुठं बसवतात?"

हॅनलीने मधल्या मोठ्या टेबलाकडे बोट केलं. इथल्या कोर्टांत साक्षीदाराची खुर्ची त्या टेबलावरच ठेवतात, चारी बाजूंनी लोकांना दिसावा म्हणून. ऑनरने बूट काढले, पायरीवरून टेबलावर चढली आणि खुर्चीत ताठ बसली.

"बाई, ऐकायला कुणी नाही इथं."

"तुम्ही आहात की. विचारा."

सॉलिसिटरने जिथे कधी उभं राहायचं नसतं, त्या बॅरिस्टरांच्या जागी जाऊन हॅनली उभा राहिला. "तुमचं नाव?"

"ऑनर केव्हनी. कोलमची आई." तिने कपाळापासून छातीपर्यंत क्रुसाची खूण केली. "पोरगा म्हणाला, स्टॅकने मारलं. टोपी काढून मान लववली नाही, म्हणून मारलं." ती थांबली. "तुम्ही म्हणाला होता, मुद्द्याचं तेवढंच बोला, बाकीचं कोर्ट ऐकत नाही."

"म्हणालो होतो."

"आता कोर्टच नाही, तर सगळंच सांगते. पाणी मागत होता. पाजलं, तर ओठावरून ओघळून जायचं. मग बोट भिजवून जिभेवर ठेवत बसले, तान्हा असताना ठेवायची तसं. उजाडलं तेव्हा म्हणाला, आई, आज अंधार फार आहे गं..."

ती बोलत राहिली. हॅनलीने तिला थांबवलं नाही.